दुकानदाराची वही आणि शेजार : ‘दि असिस्टंट’ ह्या कादंबरीच्या निमित्ताने

परमुलखातून येऊन एखाद्या वस्तीच्या कोपऱ्यावर लहानसे दुकान थाटणारा आणि त्या दुकानातच म्हातारा होणारा मनुष्य ही आधुनिक नागर वाङ्मयातील एक परिचित व्यक्तिरेखा आहे. परिचयामुळेच की काय, तिच्याकडे लक्षपूर्वक पाहण्याचे कारण समीक्षेला फारसे पडत नाही. समाजशास्त्रज्ञाला त्या मनुष्यात त्याची जमात दिसते. वाङ्मयसमीक्षकाला बहुधा एखादे प्रतीक दिसते. परंतु तो ज्या वहीत रोजची विक्री आणि उधारी टिपतो, ती वही उघडून पाहण्याची तसदी दोघेही सहसा घेत नाहीत. बर्नार्ड मॅलमड ह्या अमेरिकन ज्यू कादंबरीकाराच्या ‘दि असिस्टंट’ (१९५७) ह्या कादंबरीचा विचार त्या वहीच्या अंगाने करावयाचा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तो करीत असता आपल्या मुंबईतील इराण्याच्या हॉटेलाविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्याकडेही शेवटी वळावे लागेल.

मॅलमडचा जन्म १९१४ साली ब्रुकलिनमध्ये झाला. रशियन साम्राज्यातून आलेल्या त्याच्या ज्यू वडिलांचे तेथे किराणा दुकान होते. कादंबरीतील मॉरिस बोबर हाही झारच्या सैन्यभरतीतून निसटून अमेरिकेत आलेला ज्यू किराणा दुकानदार. दुकान ब्रुकलिनमध्ये, भोवतालची वस्ती ज्यूंची नव्हे. त्या रस्त्यावर ज्यूंची दुकाने तीनच : मॉरिसचे, मिठाई व वर्तमानपत्रे विकणाऱ्या सॅम पर्लचे आणि दारू विकणाऱ्या कार्पचे. एका रात्री दोघे बुरखेधारी चोर कार्पला लुटावयास येतात. कार्प आधीच सावध होऊन दुकान बंद करतो, म्हणून ते मॉरिसच्या दुकानात शिरतात, आणि दिवसाची सारी मिळून पंधरा डॉलरांच्या आसपास भरणारी कमाई घेऊन व म्हाताऱ्याचे डोके फोडून निघून जातात. त्यांपैकी एक जण, फ्रँक अल्पाइन नावाचा अनाथ इटालियन तरुण, पश्चात्तापाने परत येतो, ओळख न देता दुकानात बिनपगारी मदतनीस होतो, पुन्हा गल्ल्यातून पैसे चोरू लागतो, मॉरिसच्या मुलीवर (हेलनवर) प्रेम करतो, तिच्यावर अत्याचारही करतो, आणि मॉरिसच्या मृत्यूनंतर तेच बुडीत दुकान स्वतःच्या अंगावर घेऊन शेवटी ज्यू धर्म स्वीकारतो.

कथानकाची ही रूपरेषा पाहिली म्हणजे कादंबरीला नैतिक रूपककथा समजण्याचा मोह समीक्षकांना का झाला, हे सहज कळते. फ्रँकच्या मनात असिसीच्या संत फ्रान्सिसविषयी असलेली ओढ, मॉरिसचे मुकाट्याने सोसणे, दुकानाला वारंवार दिलेली थडग्याची उपमा, आणि दफनाच्या वेळी फ्रँकचे मॉरिसच्या खड्ड्यात घसरून पडणे ही सारी सामग्री रूपककथेला अनुकूलच आहे. १९६१ साली फिलिप रॉथने अमेरिकन कथावाङ्मयावर लिहिलेल्या सुप्रसिद्ध निबंधात नेमका हाच मुद्दा उलट्या बाजूने उपस्थित केला. मॅलमडचे ज्यू हे न्यूयॉर्क वा शिकागोचे ज्यू नव्हेत. माणसाच्या काही नैतिक शक्यता दाखविण्यासाठी योजिलेले ते एक रूपक आहे, असे त्याचे म्हणणे. म्हणजे स्तुती करणारा आणि आक्षेप घेणारा ह्या दोघांचेही एका गोष्टीवर एकमत आहे : ही कादंबरी वास्तवापासून दूर उभी आहे.

मला हे एकमत मान्य होत नाही. मॅलमडचा ज्यू कदाचित रूपक असेल. त्याचे किराणा दुकान मात्र रूपक नाही. तेथे प्रत्येक वस्तूला भाव आहे, आणि तो भाव वाचकाला सांगितलेला आहे. कादंबरीचा प्रारंभच पाहावा. नोव्हेंबरच्या काळोख्या पहाटे मॉरिस दुधाच्या पेट्या ओढून आत आणतो, आणि दारात तिष्ठत असलेल्या एका पोलिश बाईला तीन सेंटांचा एक पाव विकतो. ह्या तीन सेंटांसाठी त्याने झोपमोड करून घेतली आहे. थोड्या वेळाने एक लहान मुलगी येते. आईने लोणी, राय पाव आणि सिरक्याची लहान बाटली उद्यापर्यंत उधार मागितली आहे. आईच्या खात्यावरची जुनी उधारी अद्याप फिटलेली नाही. मॉरिस आधी नकार देतो. मुलगी रडू लागते. मग तो सामान बांधून देतो. आता एकूण येणे दोन डॉलर तीन सेंट झाले. हा आकडा तसाच लिहिला तर बायको कटकट करील, म्हणून तो वहीत एक डॉलर एकसष्ट सेंट असे लिहितो.

मॅलमडने येथे दयाळूपणाचे वर्णन केलेले नाही. त्याने दयाळूपणाची नोंद केलेली आहे. बेचाळीस सेंटांची ही तूट म्हणजे घरातल्या शांततेची किंमत, असा हिशेब मॉरिस स्वतःच करतो. दुकानदाराने गिऱ्हाइकाला दिलेली सवलत वहीत कोणत्या रकान्यात मांडावयाची, हा प्रश्न वाचकापुढे पहिल्या काही पानांतच उभा राहतो. उधारी देणे म्हणजे शेजारधर्म म्हणावा, की व्यापाराची भांडवली गरज म्हणावी, की निव्वळ दुबळेपणा? मॉरिसच्या बाबतीत ही तिन्ही उत्तरे एकाच नोंदीत आहेत, आणि ती वेगळी काढता येत नाहीत. रूपककथेच्या मागे लागलेला वाचक हे पान ‘मॉरिसचा चांगुलपणा’ असा शेरा मारून उलटतो. परंतु चांगुलपणाला लागलेला खर्च आणि त्यासाठी वहीत लिहावे लागलेले खोटे, ही ह्या कादंबरीची खरी सामग्री आहे.

ह्या दृष्टीने पाहू गेल्यास कादंबरीत वह्याच वह्या दिसू लागतात. मॉरिसच्या गल्ल्यातून पैसे काढणारा फ्रँक आपण किती चोरले ह्याची टिपणी एका कागदाच्या तुकड्यावर करतो, आणि तो तुकडा बुटात दडवून ठेवतो. चोराने चोरीचा जमाखर्च ठेवावा, ही कल्पना प्रथमदर्शनी गमतीची वाटते. पण उधारीच्या दुकानात राहिलेल्या माणसाच्या नीतिकल्पना उधारीच्याच भाषेत बोलणार, हे ध्यानात घेतले म्हणजे ती अगदी स्वाभाविक ठरते. चोरी म्हणजे मालकाला न विचारता घेतलेले कर्ज, अशी फ्रँक आपल्या मनाची समजूत घालतो. दरोड्यातील आपला वाटा तो चोरपावलांनी गल्ल्यात परतही टाकतो, आणि पुढे पुन्हा काढतो. मॉरिसच्या अंत्यविधीच्या वेळी धर्मगुरू जी आठवण सांगतो तीदेखील हिशेबाचीच : एका गरीब इटालियन बाईचे चुकून राहिलेले पाच सेंट परत करण्यासाठी मॉरिस हिवाळ्यात कोट-टोपीशिवाय रस्त्यावरून धावत गेला होता. एका मनुष्याच्या आयुष्याविषयी सांगण्यासारखे एवढेच असावे, आणि तेही पाच सेंटांचे असावे, ह्यात करुणा आहे हे खरे. पण ह्याच माणसाने वहीत बेचाळीस सेंट कमी लिहिले होते, हे आपण विसरता कामा नये. पाच सेंट परत देण्यासाठी धावणे आणि बेचाळीस सेंट सोडून देऊन ते लपविणे ह्या दोन कृतींमध्येच मॉरिसचे सारे शील सामावलेले आहे.

आता दुकानाच्या अर्थव्यवहाराकडे वळू. सामान्य समजूत अशी की परमुलखातून आलेल्या कुटुंबाला दुकान पोसते. मॅलमडच्या कादंबरीत हे नाते उलटे आहे. हेलनला कॉलेजात जावयाचे आहे. ती एका कचेरीत नोकरी करते आणि पगाराचा मोठा भाग घरात देते. त्या पगारावर दुकानाची देणी भागतात. आयडा वरच्या मजल्यावरून खाली येऊन गल्ला सांभाळते. तिच्या श्रमाची नोंद कोठेही नाही. एकुलता मुलगा इफ्रेम लहानपणीच गेलेला आहे. मॉरिसला तरुणपणी औषधविक्रेता व्हावयाचे होते, परंतु रात्रीच्या वर्गांचे शिक्षण सोडून त्याने किराणा दुकान घेतले, तेही आयडाच्या आग्रहाने; आणि आता आयडाच त्याला दुकानाबद्दल दोष देते. अशा दुकानांच्या यशाचे श्रेय बरेचदा कुटुंबाच्या एकजुटीला दिले जाते. ती एकजूट म्हणजे बिनपगारी राबणूक आहे, आणि ती राबवून घेऊनसुद्धा दुकान चालेलच असे नाही, ही गोष्ट आकडेवारीच्या कोष्टकात सापडणे कठीण. ती ह्या कादंबरीत सापडते.

वस्तीशी असलेल्या नात्याचे चित्रही असेच निर्मम आहे. फ्रँक आल्यानंतर काही आठवडे विक्री वाढते. आयडाला वाटते, गिऱ्हाइके ज्यू नाहीत. त्यांना गल्ल्याशी आपल्यातला मनुष्य बरा वाटतो, म्हणून ती येतात. वाचकही हे क्षणभर खरे मानतो, कारण परकेपणाविषयीचे आपले सारे ग्रंथ आपल्याला हेच सांगत आलेले असतात. पुढे खरे कारण कळते ते वेगळेच. कोपऱ्यापलीकडे श्मिट्झ नावाच्या जर्मनाने नवे, झगझगीत दुकान काढले होते आणि त्यानेच मॉरिसची गिऱ्हाइके ओढली होती. तो श्मिट्झ आजारी पडला, त्याचे दुकान अधूनमधून बंद राहू लागले, आणि गिऱ्हाइके परतली. ती फ्रँकच्या चेहऱ्यासाठी परतली नव्हती, आणि मॉरिसच्या प्रामाणिकपणासाठी तर मुळीच नव्हती. पुढे श्मिट्झचे दुकान दोन नॉर्वेजियनांच्या हाती जाताच ती पुन्हा निघून जातात. एकवीस वर्षे एकाच जागी बसलेल्या दुकानदाराचे शेजाऱ्यांवरचे ऋण किती पक्के असते, ह्याचा निर्णय मॅलमडने असा एका प्रतिस्पर्ध्याच्या दुखण्यातून दिला आहे. मला हा भाग संपूर्ण कादंबरीतला सर्वांत धीट भाग वाटतो.

येथे समाजशास्त्रातील एका विख्यात प्रतिपादनाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९७३ साली एड्ना बोनासिच हिने ‘मध्यस्थ अल्पसंख्याकां’चा सिद्धांत मांडला. परदेशात व्यापार करणाऱ्या जमाती कायमच्या वस्तीच्या हेतूने येत नाहीत. त्यामुळे त्या सहज मोडून रोख करता येतील असे धंदे निवडतात. आपसात भांडवल, मजूर व माहिती पुरवितात. आणि ह्या अंतर्गत एकजुटीमुळेच स्थानिक समाजाच्या रोषाला पात्र होतात, असे तिच्या विवेचनाचे सार. आयव्हन लाइट ह्याने त्यापूर्वी वर्षभर, १९७२ मध्ये, अमेरिकेतील चिनी व जपानी दुकानदारांच्या भांडवलाचे मूळ त्यांच्या आपसांतील पाळीपाळीने पैसा उचलण्याच्या मंडळांत दाखविले होते. आपल्याकडील भिशीचाच तो प्रकार. (कोरियन लोक अशा मंडळाला ‘ग्ये’ म्हणतात.) हे सिद्धांत उपयुक्त आहेत ह्यात शंका नाही. पण मॉरिस बोबर ह्या चौकटीत मावत नाही. त्याचे दुकान मोडून रोख करता येत नाही. विकत घ्यावयास आलेल्या एका निर्वासितापुढे तो धंद्याची खरी हकीकत सांगून बसतो आणि सौदा फिसकटतो. जमातीच्या एकजुटीविषयी तर बोलावयासच नको. श्मिट्झला समोरची रिकामी जागा भाड्याने देणारा दुसरातिसरा कोणी नसून कार्प आहे, म्हणजे मॉरिसच्याच धर्माचा, मॉरिसलाच मित्र म्हणविणारा घरमालक. मॉरिसला पूर्वी बुडविणारा भागीदारही ज्यूच होता. येथे कादंबरीने सिद्धांत खोटा पाडला, असे मला म्हणावयाचे नाही. एका दुकानाने जमातीचा सिद्धांत खोटा पडत नसतो. परंतु सिद्धांताला जो मनुष्य दिसत नाही, म्हणजे जो जमातीत असूनही तिच्या भांडवलाच्या बाहेर आहे, त्याचेच दुकान वस्तीत सर्वांत अधिक काळ टिकून राहते, कारण त्याला दुसरीकडे जाता येत नाही. जॉर्ज झिमेलने १९०८ साली ‘परका’ ह्या विषयावर जे छोटे प्रकरण लिहिले, त्यातील परका हा येऊन राहिलेला, पण निघून जाण्याचे स्वातंत्र्य न गमावलेला मनुष्य आहे, आणि झिमेलने त्याचे उदाहरण व्यापाऱ्याचेच घेतले आहे. मॉरिसने ते स्वातंत्र्य गमावलेले आहे, आणि तरीही तो परकाच राहिला आहे.

परकेपणाची ही खूण नावांत उमटते. पहाटेचा पाव नेणारी बाई मॉरिसच्या घरात ‘पोलिश बाई’ म्हणूनच ओळखली जाते. फ्रँक हा आयडाच्या तोंडी ‘इटालियन’ असतो. पलीकडचा दुकानदार ‘जर्मन’ असतो. उलट बाजूने मॉरिस हा वस्तीच्या लेखी ‘ज्यू’. रोज सकाळी भेटणारी ही माणसे वर्षानुवर्षे एकमेकांना देशाच्या नावाने ओळखतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मराठी वाचकाला तर मुळीच वाटू नये, कारण आपल्या भाषेने हेच केले आहे. आपण ‘इराण्याकडे’ चहा घेतो, ‘उडप्याकडे’ इडली खातो, ‘भय्याकडून’ दूध घेतो. जमातीचे नाव धंद्याचे नाव होते; मग धंद्याचे नाव जागेचे नाव होते. ‘इराण्याच्या कोपऱ्यावर भेटू’ ह्या वाक्यात कोणी मनुष्य उरलेलाच नसतो.

‘शेजार’ हा शब्द उच्चारताना आपण त्यात जो जिव्हाळा गृहीत धरतो तो येथे नाही. पण म्हणून येथे काहीच नाही, असेही नव्हे. जेन जेकब्स हिने अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या जन्ममरणावर १९६१ साली लिहिलेल्या ग्रंथात न्यूयॉर्कमधील आपल्या रस्त्यावरच्या एका खाद्यपदार्थविक्रेत्याचे वर्णन केले आहे. शेजारी आपल्या घराच्या किल्ल्या त्याच्याकडे ठेवून जातात. त्यासाठी त्याच्याकडे एक स्वतंत्र खणच आहे. तो त्या किल्ल्या सांभाळतो, मात्र कोणाच्या घरी कोण उतरणार ह्याची चौकशी करीत नाही. विश्वास आहे, सलगी नाही. आणि सलगी नाही म्हणूनच हा विश्वास टिकतो, असे जेकब्सचे मार्मिक निरीक्षण. मॅलमडच्या कादंबरीशी ते ताडून पाहावे. मॉरिसकडे कोणी किल्ल्या ठेवीत नाही. परंतु त्याच्याकडून उधार नेणारी बाई आपल्या घरातील दारिद्र्याची किल्लीच त्याच्या हाती देत असते. कोणाच्या घरी ह्या आठवड्यात लोणी आले नाही, हे त्याला ठाऊक असते. जेकब्सच्या चित्रात विश्वासाला किंमत पडत नाही. तिचा दुकानदार सुस्थितीत आहे, म्हणून तो उदार असू शकतो. खणात किल्ल्या ठेवावयास पैसे लागत नाहीत; वहीत उधारी ठेवावयास लागतात. जेकब्सच्या ग्रंथावर माझे प्रेम आहे, तरी हा फरक तिने लक्षात घेतलेला नाही असे म्हणावे लागते.

कादंबरीचे दोषही सांगितले पाहिजेत. वस्तीला मॅलमडने जवळजवळ चेहराच दिलेला नाही. रस्ता रिकामा वाटतो, गिऱ्हाइके नावापुरती येतात. काळही पुसट आहे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे हेलनवरील अत्याचाराची हाताळणी. फ्रँकच्या आत्मशुद्धीच्या हिशेबात तो एक खर्चाचा रकाना होऊन बसतो, आणि पुढे तिच्या शिक्षणासाठी फ्रँक रात्रीचेही काम करू लागताच लेखक तो रकाना फिटल्यासारखा वागतो. वहीची भाषा येथे लेखकावरच उलटली आहे. ज्या गोष्टीची परतफेड होऊच शकत नाही ती परतफेडीच्या भाषेत मांडली गेली, आणि हेलनला काय वाटते हे सांगण्याची जबाबदारी लेखकाने टाळली.

वस्तीचा जो चेहरा मॅलमडने गाळला, तो स्पाइक लीच्या ‘डू द राइट थिंग’ (१९८९) ह्या चित्रपटात भरभरून आला आहे. स्थळ पुन्हा ब्रुकलिनच, पण आता कृष्णवर्णीयांची वस्ती. तेथे सॅल ह्या इटालियन अमेरिकन मनुष्याचे पिझ्झाचे दुकान पंचवीस वर्षे आहे, आणि समोर अलीकडेच आलेल्या कोरियन जोडप्याचे फळे-भाज्यांचे. ह्या वस्तीतील मुले माझ्या हातचे खाऊन मोठी झाली, असा सॅलला अभिमान आहे. भिंतीवर मात्र त्याने केवळ इटालियन अमेरिकन नामवंतांची छायाचित्रे लावली आहेत. एक गिऱ्हाईक विचारते, पैसे आमचे, मग भिंतीवर आमचे कोणी का नाही? सॅल म्हणतो, दुकान माझे, भिंत माझी. ह्या वादाचे पर्यवसान पोलिसांच्या हातून एका तरुणाच्या मृत्यूत आणि दुकानाच्या जाळपोळीत होते. पहिला दगड म्हणावा अशी कृती, काचेवर कचऱ्याचा डबा फेकण्याची, दुकानातील नोकर मूकी हाच करतो.

ह्या चित्रपटावरील चर्चा मूकीने योग्य केले की अयोग्य ह्या एका प्रश्नाभोवती फिरत राहिली. वस्तुतः तपासण्याजोगा आहे तो भिंतीचा प्रश्न. पंचवीस वर्षांच्या गिऱ्हाइकीतून भिंतीवर हक्क उत्पन्न होतो काय? मालकीच्या कायद्याने होत नाही. शेजाराच्या कायद्याने होतो, असे गिऱ्हाईक समजते. मॉरिसच्या उधारीच्या वहीत दुकानदाराचे येणे लिहिलेले होते. येथे वस्ती आपले येणे मागत आहे, आणि त्याची नोंद असलेली वहीच अस्तित्वात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जळलेल्या दुकानासमोर मूकी येऊन आपला आठवड्याचा अडीचशे डॉलर पगार मागतो, सॅल संतापाने शंभराच्या पाच नोटा त्याच्या अंगावर फेकतो, आणि दोघांत जास्तीच्या पैशांवरून वाद होतो. एवढ्या अनर्थानंतर उरते ते नोकर-मालकाचे खाते. तेवढेच दोघांना मिटविता येण्यासारखे आहे. समोरच्या कोरियन दुकानदाराला जमाव सोडून देतो, कारण तो मोडक्या इंग्रजीत आपणही तुमच्यासारखेच काळे असल्याचे ओरडून सांगतो, आणि लोकांना हसू येते. तीनच वर्षांनी, १९९२ च्या लॉस एंजेलिसमधील दंगलीत, कोरियनांच्या मालकीची सुमारे दोन हजारांहून अधिक दुकाने लुटली वा जाळली गेली. त्याआधी वर्षभर तेथील एका कोरियन दुकानदार बाईने संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून झालेल्या झटापटीत एका पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला गोळी घातली होती, आणि न्यायालयाने तिला तुरुंगवास दिला नव्हता. लीचा चित्रपट विनोदाने जेथे सुटला, तेथे शहर सुटले नाही.

आता मुंबईकडे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात इराणच्या यझ्द, केरमान ह्या भागांतून आलेल्या झरथुष्ट्री लोकांनी, आणि काही मुसलमान इराण्यांनीही, शहरात जी हॉटेले काढली त्यांच्याविषयी स्मरणरंजनाचे वाङ्मय आता विपुल झाले आहे. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बन-मस्का, आरसे, आणि एका चहावर तासन् तास बसणारे कवी हे त्या लेखनाचे ठरलेले साहित्य. ह्या सर्व लेखनात एक खुर्ची नेहमी रिकामी असते, ती गल्ल्यामागची. एका चहावर चार तास बसलेल्या कवीची आठवण आपण कौतुकाने सांगतो; त्या चार तासांत टेबल अडल्याने मालकाचे काय गेले, हे विचारणे आपल्याला असंस्कृतपणाचे वाटते. ते औदार्य काही अंशी १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याचे होते असे माझे मत आहे. भाडे गोठलेले होते म्हणून टेबल रिकामे ठेवणे परवडत होते. ज्या पिढीला ते परवडेना, किंवा जिने शिकून दुसरे व्यवसाय धरले, तिने ही हॉटेले एकेक करून बंद केली. हेलन बोबरने दुकान चालवावे असे मॉरिसलाही कधी वाटले नव्हते.

ह्या विषयावरील दोन इंग्रजी कविता मुंबईतच लिहिल्या गेल्या. अरुण कोलटकर यांच्या ‘इराणी रेस्टॉरंट बॉम्बे’ ह्या कवितेत शहाची तसबीर आहे, काचेच्या कपाटात खराब होत चाललेला केक आहे. दृष्टी तीक्ष्ण आहे, पण ती बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाची आहे. मुंबईच्या बेने इस्रायल समाजातील निसिम एझिकेल यांची ‘इराणी रेस्टॉरंट इन्स्ट्रक्शन्स’ ही कविता मला अधिक मोलाची वाटते, आणि ती केवळ विनोदी म्हणून वाचली जाते ह्याचे वाईट वाटते. हॉटेलातील सूचनाफलकाच्या भाषेत ती रचलेली आहे : थुंकू नका, फार वेळ बसू नका, काही मागविल्याशिवाय पत्रे लिहू नका, केस विंचरू नका, आडोशाच्या खोलीत गैरवर्तन करू नका. इंग्रजी मोडके आहे आणि हसू येते ते त्या इंग्रजीला. परंतु हा फलक म्हणजे इराण्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले, गल्ल्यामागून आलेले एकमेव लिखाण आहे. फलकावरील प्रत्येक मनाईमागे एखादा घडलेला प्रसंग आहे. कोणीतरी काही न मागविता पत्र लिहीत बसले होते, आणि तेव्हा टेबल अडले होते. मॉरिसने वहीत जे कमी करून लिहिले, ते ह्या इराण्याने भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे.

त्याच फलकावर, त्या मनायांच्या पाठोपाठ, कोणत्याही जातीच्या माणसाचे येथे स्वागत आहे असेही लिहिलेले आहे. जेथे अनेक खाणावळींतून जात विचारून पंगत बसत असे, त्या शहरात ही ओळ लहान नव्हती. ती औदार्यातून आली की रोकडीच्या व्यवहारातून, हे कविता सांगत नाही. पत्र लिहिणाऱ्याने काही मागवावे आणि मागविणाऱ्याची जात विचारू नये, हे दोन नियम एकाच हाताने, एकाच मोडक्या इंग्रजीत लिहिले आहेत. आणि एझिकेल यांनी त्यांतील एकही गाळलेला नाही.